कोरा पेपर न देणाऱ्या आमदार काकू

मत मागायला दारात आलेली बाई जर बूट काढून नुसत्या मोज्यांवर उभी राहिली, तर अमेरिकन माणसाला दार लावता येत नाही. हा शोध आमच्या आमदार काकूंचा. शोध म्हणजे काही डोकं लढवून लावलेला नव्हे. लोकांच्या उंबऱ्याशी गेलं की पायातलं काढायचं, ही साताऱ्याची सवय त्यांनी मिशिगनमध्ये इतकी वर्षं टिकवली होती, आणि प्रचाराला निघाल्या तेव्हाही ती सुटली नाही. बेल वाजवायच्या आणि आतून पावलं येईपर्यंत एका हाताने कठडा धरून बूट काढायच्या. दार उघडणाऱ्याला दिसायचं काय, तर ऑक्टोबरच्या गार वाऱ्यात एक ठेंगणी, साठी ओलांडलेली बाई, अंगात जाड कोट, कपाळावर टिकली आणि पायांत अंगठ्याशी विरलेले मोजे. तो बिचारा घाबरून म्हणायचा, "मॅडम, आत या, आजारी पडाल." झालं. पुढचा अर्धा तास काकू आत आणि मी बाहेर गाडीत.

गाडीत मी, कारण मी त्यांची ड्रायव्हर. नागपूरहून इंजिनिअरिंग करून इथे एम.एस.ला आले आणि नोव्हाय गावात काकूंच्या घराचं बेसमेंट भाड्याने घेतलं. पहिल्याच आठवड्यात काकूंनी विचारलं, "तुला फ्रीवेवर गाडी चालवता येते का ग?" मी मोठ्या ऐटीत हो म्हटलं. तो हो मला शिक्षण संपेपर्यंत पुरला. काकूंना आतल्या रस्त्यांवर गाडी झकास चालवता यायची, पण फ्रीवेवर चढायचं म्हटलं की हातपाय गार पडायचे. काका होते, पण काका एका मोटार कंपनीत आयुष्यभर ब्रेक डिझाइन करून निवृत्त झालेले. गाडी चालवतानाही ते मुख्यतः ब्रेकच वापरत. त्यांच्या भरवशावर काकू राहिल्या असत्या तर अर्धा मतदारसंघ पुढच्या निवडणुकीपर्यंत बघून झाला नसता.

काकू मुळात फार्मासिस्ट. राजकारणात आल्या त्या एका सिग्नलमुळे. शाळेजवळच्या चौकात सिग्नल हवा म्हणून त्यांनी रस्ते खात्याला रोज सकाळी फोन लावला. रागावून नाही, भांडून नाही. "गुड मॉर्निंग, आपल्या सिग्नलचं काय झालं?" एवढंच. शेवटी सिग्नल बसला, तेव्हा खात्यातल्या माणसाने स्वतः फोन करून ती बातमी दिली आणि आता तरी सकाळी फोन करू नका म्हणून विनवलं. तेवढ्यावर त्यांचं गावात नाव झालं. त्याच सुमारास पक्षाला राज्याच्या सभागृहासाठी उमेदवार हवा होता. हवा म्हणजे कुणीतरी पडायला हवं होतं. मतदारसंघाच्या पूर्वेला आमची सगळी इंजिनिअर मंडळी, आणि पश्चिमेला मक्याची शेतं, तळी आणि शिकारी. तिकडे नोव्हेंबरात हरणांचा सीझन उघडतो त्या दिवशी शाळेलाही सुट्टी असते. आणि काकू शुद्ध शाकाहारी, केकमध्ये अंडं आहे का हे विचारून तोंडात घालणाऱ्या. पक्षाने हिशेब सोडून दिला होता, पण मोज्यांनी कमाल केली. काकू दोन वर्षांसाठी निवडून आल्या. किती मतांनी ते सांगत नाही, पण आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीला त्याहून जास्त पानं उठतात. आम्हा मराठी लोकांना स्टेट रिप्रेझेंटेटिव्ह म्हणायला लांब पडतं, म्हणून त्या सगळ्यांच्या आमदार काकू झाल्या.

त्या निवडणुकीतली एक गोष्ट आधी सांगायला हवी. इथे बंदूकवाल्यांची एक तगडी संघटना आहे. निवडणुकीआधी ती प्रत्येक उमेदवाराला प्रश्नपत्रिका पाठवते आणि उत्तरं बघून ग्रेड देते, ए पासून एफ पर्यंत. ती ग्रेड मग कार्डावर छापून शिकाऱ्यांच्या घरोघरी जाते. आमचा प्रचारप्रमुख ब्रायन, पक्षाने पाठवलेला पंचविशीतला पोरगा, बारा महिने हातात बर्फ घातलेली कॉफी, म्हणाला, "ती प्रश्नपत्रिका सरळ केराच्या टोपलीत टाका. काहीही लिहिलं तरी अडकाल." (त्यांचं बोलणं इंग्रजीत चालायचं, मी मराठीत देतेय. काकूंचं इंग्रजी भाषांतर करायला फार सोपं, ते मुळात मराठीच असायचं.)

"म्हणजे कोरा पेपर द्यायचा?" काकूंनी विचारलं.

"तसंच काहीतरी."

"आमच्या घरात नापास झालेले आहेत," काकू म्हणाल्या, "पण कोरा पेपर देऊन आलेलं कुणी नाही."

आणि त्या दोन दिवस जेवणाच्या टेबलावर तो पेपर सोडवत बसल्या. जागा पुरेना म्हणून पुरवण्या जोडल्या, आणि त्या पांढऱ्या दोऱ्याने बांधल्या. तुमच्याकडे शस्त्र आहे का, या प्रश्नाला उत्तर लिहिलं, "सासऱ्यांच्या आजोबांची तलवार आहे. सध्या ती साताऱ्याला चुलत दिरांकडे आहे आणि नक्की कुणाची यावर घरात बोलणं चालू आहे." शिकारीबद्दल लिहिलं, "मी स्वतः अंडंही खात नाही, पण दुसऱ्याच्या ताटात डोकावत नाही." ग्रेड आली सी. संघटनेला बहुधा काय द्यावं तेच कळलं नसावं. ब्रायन तर नाचायचा बाकी होता, म्हणाला, आपल्या पक्षात सी म्हणजे सोनं. काकू मात्र चार दिवस खट्टू. "सी म्हणजे पंचावन्न टक्के ग," त्या मला म्हणाल्या. "मला कधी पंचावन्न टक्के पडलेले नाहीत." मी म्हटलं, काकू, तुम्हाला निवडून यायचंय का बोर्डात यायचंय? तर म्हणाल्या, दोन्हीत अडचण काय आहे.

पश्चिमेकडच्या मतदारांमधला त्यांचा लाडका म्हणजे डेल. निवृत्त प्लंबर, सहा फूट उंच, बोलणं मोजकं. पहिल्या प्रचारात आम्ही त्याच्याकडे गेलो तेव्हा थंडी इतकी होती की त्याने मलाही गाडीतून आत बोलावलं. दिवाणखान्यात भिंतीवर हरणाचं मुंडकं, चांगलं शिंगांसकट. मी मनात म्हटलं, आता काकू काहीतरी बोलणार आणि ही दोन मतं जाणार. काकूंनी त्या हरणाकडे बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "याचं नाव काय?"

डेलला आजवर हे कुणी विचारलं नव्हतं. तो डोकं खाजवायला लागला. तेवढ्यात स्वयंपाकघरातून त्याची बायको कॅरल म्हणाली, "गॅरी." डेल तिच्याकडे बघतच राहिला. ती बाई इतकी वर्षं त्या हरणाला मनातल्या मनात गॅरी म्हणत आली होती, आणि नवऱ्याला पत्ता नव्हता. त्या दिवशी आम्ही निघालो तेव्हा दोघं गॅरीबद्दलच बोलत होते. पुढे डेलने आयुष्यात पहिल्यांदा आमच्या पक्षाच्या माणसाला मत दिलं, आणि काकू त्याला डेलभाऊ म्हणायला लागल्या.

हे डेलभाऊ दर नोव्हेंबरात स्वतः गाडी काढून हरणाच्या सॉसेजची पाकिटं घेऊन यायचे. काकूंना नाही म्हणता यायचं नाही. "प्रेमाने आणलंय, कसं परत करू?" असं म्हणून त्या पाकिटं दोन बोटांत धरून गॅरेजमधल्या जुन्या फ्रीजरमध्ये ठेवायच्या, आणि मग साबणाने हात धुवायच्या. आता मी नागपूरची. काकू सभागृहाच्या कामाला राजधानीत, लान्सिंगला, मुक्कामी असल्या की मी एक पाकीट काढायचे आणि सावजी मसाल्यात असं काही घालायचे की काका जिन्यावर येऊन उभे राहायचे. काकू परतल्या की दारातच थांबायच्या, एक मोठा श्वास घ्यायच्या आणि म्हणायच्या, "डेलभाऊ येऊन गेलेले दिसतात." मग सगळ्या खिडक्या उघडायच्या. फ्रीजर रिकामा कसा होतो हे त्यांनी कधी विचारलं नाही.

काकूंना आमदारकी मनापासून आवडायची, हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढे लोकांनी त्यांच्या नावाने भलतंच त्यागाचं कीर्तन केलं. सभागृहातली आपली खुर्ची त्या रुमालाने पुसून मग बसायच्या. नावाची पाटी आली तेव्हा साताऱ्याला फोटो पाठवला, आणि नणंदेचं उत्तर आलं नाही म्हणून तोच फोटो परत पाठवला. "मला हे फार आवडतं ग," त्या मला लान्सिंगच्या वाटेवर सांगायच्या. "सकाळी उठलं की कुणाचं तरी काम असतं. औषधांच्या काउंटरमागे उभं राहून आयुष्य गेलं, कुणी माझं नाव विचारलं नाही. इथे दारावर लिहिलंय."

आणि मग ते बिल आलं. ज्या घरात लहान मूल राहतं किंवा येतं, तिथे बंदूक कुलपात ठेवायची. बस, एवढंच बिल. पण ब्रायनचा चेहरा असा झाला की बघणाऱ्याला वाटावं घरात कुणीतरी गेलंय. त्याने काकूंना समोर बसवलं आणि सांगितलं, "हे बघा, या मताला हो म्हणालात की तुम्ही संपलात. पश्चिमेकडचा एकूण एक माणूस पुढच्या निवडणुकीपर्यंत हे लक्षात ठेवेल."

"आणि पूर्वेकडचे? ते तर सगळे या बिलाच्या बाजूने आहेत. परवाच मंदिरात पाच जणींनी सांगितलं."

"बाजूने आहेत ना, म्हणूनच विसरतील. विरोधातला माणूस कधी विसरत नाही."

"मग नाही म्हणू?"

"नाही म्हणालात तर पक्ष तिकीट देणार नाही." ब्रायनने कॉफीचा घोट घेतला. "त्या दिवशी तुमचं पोट बिघडू दे. सभागृहाच्या मागे एक बाथरूम आहे. त्या बाथरूमने आजवर पुष्कळ लोकांची आमदारकी वाचवली आहे."

खरं सांगते, मी ब्रायनच्या बाजूची होते. मी काकूंना गाडीत चांगलं झापलं. "काकू, तुम्ही एक बिल धरून बसाल आणि पुढची दहा हातातून जातील. तो रस्ता व्हायचाय, ते शाळेचं व्हायचंय. तुम्ही पडलात तर जो येईल तो काय करणार आहे? एक दिवस पोट दुखलं तर काय बिघडून राहिलं?"

"बिघडून राहिलं म्हणे," काकू पुटपुटल्या. माझं नागपुरी बाहेर आलं की त्यांना तेवढ्यातही हसू यायचं. मग खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "औषधाच्या बाटलीला ते दाबून फिरवायचं झाकण असतं बघ. पोरांना उघडता येऊ नये म्हणून. मी ती झाकणं जन्मभर लावली आणि जन्मभर शिव्या खाल्ल्या. म्हातारे म्हणायचे, माझ्या घरात पोर नाही, मला कशाला हे? मी म्हणायची, रविवारी नातवंडं येतात ना? मग ते बाटली उचलून जायचे. आता त्याच झाकणाचा प्रश्न आलाय पेपरात, आणि तू म्हणतेस बाथरूमला जा. अगं, एवढा एकच प्रश्न मला येतो."

पण मत द्यायच्या आधी डेलभाऊंना तोंडावर सांगायचं, असं त्यांनी ठरवलं. ब्रायन म्हणाला, असं जगात कुणी करत नाही. काकू म्हणाल्या, त्यांना दुसऱ्याकडून कळलं तर वाईट दिसेल. गेलो. काकूंनी पायरीवर बूट काढले, आत बसल्या, सगळं सांगितलं. डेल कपात चमचा फिरवत राहिला.

"कुलूप लावायला माझी हरकत नाही," तो म्हणाला. "मी काय लावायचं ते लान्सिंगने सांगायला हरकत आहे. तुम्ही त्याला मत दिलंत तर मला तुमच्या विरोधात मत द्यावं लागेल. यात पर्सनल काही नाही."

"पर्सनल कसं नाही?" काकू म्हणाल्या. "मत तुम्ही देणार, पडणार मी."

कॅरलने कॉफी ओतली, काकूंच्या कपात नको नको म्हणताना दुसऱ्यांदा ओतली, आणि तोंडातून शब्द काढला नाही. निघताना बघतो तर काकूंचे बूट पायरीवर नव्हते. डेलने ते कधीतरी उठून आत आणून हीटरपाशी ठेवले होते. काकूंनी ते गरम बूट घातले आणि गाडीत बसल्यावर पहिल्यांदा म्हणाल्या, "ही दोन मतं गेली बाई."

मतदानाच्या दिवशी मी सभागृहाच्या गॅलरीत होते. समोर मोठा फलक, प्रत्येकाच्या नावापुढे दिवा, हो म्हटलं की हिरवा, नाही म्हटलं की लाल. दोन्ही बाजू इतक्या बरोबरीत होत्या की एक जण चहाला गेला असता तरी बिल पडलं असतं. सगळे दिवे लागले, काकूंच्या नावापुढे मात्र अंधार. मी वरून बघतेय, काकू जागेवर नाहीत. ब्रायन माझ्या शेजारी बसलेला, त्याने डोळे मिटून देवाचे आभार मानले. मला सुटल्यासारखं वाटलं आणि त्याच क्षणी इतकं वाईट वाटलं की सांगता येत नाही. तेवढ्यात मागचं दार उघडलं आणि काकू पदर सावरत तुरुतुरु आल्या, खुर्चीवर बसल्या, आणि बटण दाबलं. हिरवा. नंतर मी विचारलं, कुठे होतात? तर म्हणाल्या, "अगं, खरंच पोट बिघडलं होतं. भीतीने. पण म्हणून काय पेपर टाकायचा?"

बिल एका मताने पास झालं, आणि तेव्हापासून ब्रायनने कॉफी गरम प्यायला सुरुवात केली.

पुढच्या निवडणुकीला संघटनेने ग्रेड दिली एफ. आता इथे आमच्या काकूंनी जे केलं ते साताऱ्याच्या शाळेत पहिला नंबर सोडून दुसरा न पाहिलेली बाईच करू जाणे. त्यांनी संघटनेला फोन लावला आणि रीचेकिंग मागितलं. पलीकडच्या मुलीला आधी कळेचना. काकूंनी शांतपणे समजावलं, "सगळे प्रश्न मी सोडवले आहेत. यंदाही पुरवण्या जोडल्यात. तुम्ही फक्त शेवटच्या एका प्रश्नावर मला नापास केलंय. बाकीच्यांचे मार्क धरलेत की नाही, एवढं बघून सांगा." मुलगी म्हणाली, मॅम, अशी पद्धत नाही. "मग पद्धत सुरू करा. पोरांचं नुकसान होतं अशाने." फोन स्पीकरवर होता. काका वर्तमानपत्राआड हसत होते, कागद हलत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी परत फोन केला, "गुड मॉर्निंग, आपल्या रीचेकिंगचं काय झालं?" आठवड्याभरात त्या मुलीची आणि काकूंची ओळख इतकी वाढली की तिच्या आईच्या गुडघ्यासाठी काकू तिला शेकायची पद्धत सांगत होत्या. ग्रेड एफच राहिली.

त्याच वर्षी जानेवारीत काकूंनी हळदीकुंकू केलं. दरवर्षी करायच्याच, पण यंदा मतदारसंघातल्या समस्त बायकांना आमंत्रण. वाण काय द्यायचं यावर मंडळातल्या बायकांच्या वाट्या, चाळण्या, डबे अशा सूचना आल्या. काकूंनी कुणाचं ऐकलं नाही. शेरीफच्या म्हणजे इथल्या पोलिसांच्या कचेरीत बंदुकीला लावायची कुलपं फुकट मिळतात, ती आणली दोन खोकी भरून, प्रत्येक कुलपाला लाल रिबन बांधली, आणि हळदीकुंकू लावून, तिळगूळ देऊन, एकेकीच्या ओटीत घातली. पश्चिमेकडून थोड्या बायका आल्या होत्या, त्यांनी निमूट घेतली. आमच्याच एकीने तोंड वाकडं केलं. "काकू, आमच्याकडे बंदूकच नाही. मी हे कशाला लावू?"

"पोरं फराळ संपवतात म्हणून रडत असतेस ना? त्या डब्याला लाव."

कुणीतरी फोटो काढला. त्याच उन्हाळ्यात तो फोटो विरोधी उमेदवाराच्या पत्रकावर, सगळ्या मतदारसंघात घरोघर. काकू पैठणी नेसून, एका हातात कुंकवाचा करंडा, दुसऱ्या हातात कुलूप, आणि वर लाल अक्षरांत, ही बाई तुमचं स्वातंत्र्य कुलपात घालणार. ब्रायनने पत्रक टेबलावर आपटलं. काकूंनी चष्मा लावून ते नीट बघितलं. "साडी काय छान आलीय," त्या म्हणाल्या, आणि फ्रिजवर चिकटवून टाकलं. तसल्या पत्रकांचा मग ढीग झाला. सगळीकडे तोच फोटो. साताऱ्याच्या नणंदेला त्यांनी तोही पाठवला. या वेळी मात्र उत्तर आलं, पैठणी कुठली घेतलीस.

प्रचारात मोजे यंदाही होते, पण पश्चिमेकडची दारं आता उघडून लोक म्हणायचे, "आत या, थंडी आहे, पण मत नाही." अर्धा तास बसवायचे, खायला घालायचे आणि मत नाही म्हणायचे. मला असा संताप यायचा. शिव्या देणारा परवडला, निदान वेळ तरी वाचतो.

निकाल सकाळी कळला. पश्चिमेकडचे झाडून सगळे मतदानाला गेले होते. पूर्वेकडचा एक आमचाच इंजिनिअर दुपारी भेटला, म्हणाला, "अरे यार, काकू हरल्या? मी शंभर टक्के सपोर्ट करतो त्यांना. मीटिंग लांबली नाहीतर व्होट करणारच होतो." मी त्याला जे बोलले ते इथे लिहिता येत नाही. काकूंनी निकाल कळताच जिंकलेल्या माणसाला फोन करून अभिनंदन केलं, आणि सांगितलं की खुर्चीचं डावं चाक अडकतं, बसताना सांभाळा, आणि अमक्या रस्त्याचं काम अर्धं झालंय, खात्यात सकाळी फोन केलात तर होतं. मग स्वयंपाकघरात गेल्या, नळ सोडला आणि रडल्या. चांगल्या मोठ्याने रडल्या. काका शेजारी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "ब्रेक लागला असं समज." त्या परिस्थितीतही काकू त्यांच्यावर डाफरल्या. मग मला म्हणाल्या, "आता लोक म्हणतील, तत्त्वासाठी खुर्ची सोडली. तू तसं कुणाला सांगू नकोस. मी सोडली नाही. काढून घेतली. मला हवी होती."

माझं शिक्षण संपलं होतं, देशाच्या दुसऱ्या टोकाला, बेलव्ह्यूला, नोकरी लागली होती, आणि पोरंबाळं घरी जमतात त्या थँक्सगिव्हिंगच्या सणाआधीच्या आठवड्यात मी बेसमेंट आवरत होते. काकू पायरीवर बसून माझे डबे परत भरत होत्या, कारण मी भरलेले त्यांना पसंत नव्हते. तेव्हा कॅरलचा फोन आला. एवढ्या ओळखीत तिने स्वतःहून कधी फोन केला नव्हता. काकूंनी हात गुंतलेले म्हणून स्पीकर लावला.

कॅरल दबक्या आवाजात बोलत होती. "डेल गॅरेजमध्ये आहे, म्हणून आत्ता करतेय. त्याने लोखंडी कपाट आणलंय. सगळ्या बंदुका त्यात ठेवल्यात, किल्ली स्वतःच्या गळ्यात. कायदा आहे तर आहे, म्हणाला. आधी त्या हॉलमध्ये दारामागे उभ्या असायच्या. गेल्या थँक्सगिव्हिंगला नातू लपाछपी खेळताना त्या दारामागे लपला होता. काही झालं नाही. पण मी त्यानंतर कितीतरी रात्री झोपले नाही. कुणाला बोलले नाही, डेललाही नाही. या वर्षी मी झोपेन. तुम्हाला सांगावंसं वाटलं."

काकूंनी हातातला डबा खाली ठेवला. "बरं केलंत सांगितलंत," त्या म्हणाल्या. मग राहवेना म्हणून विचारलं, "आणि मत?"

"मत आम्ही दोघांनी त्या दुसऱ्यालाच दिलं, हनी," कॅरल म्हणाली. "ते वेगळं असतं."

"असतं," काकू म्हणाल्या. "नातू केवढा आहे?"

"चार वर्षांचा."

"त्याला माझा आशीर्वाद सांगा."

फोन ठेवला तेव्हा माझं डोकं नुसतं भणभणत होतं. मी म्हटलं, "काकू, कायदा पाळतात, सुखाने झोपतात, तुम्हाला पाडतात, आणि वर फोन करून सांगतात. तुम्ही हे सगळं केलंत तरी कुणासाठी?"

काकूंनी पदराने डोळे पुसले आणि परत माझा डबा भरायला घेतला.

"तो दारामागे लपला होता ना, त्याच्यासाठी," त्या म्हणाल्या. "माझा मतदार तो. चारच वर्षांचा आहे, म्हणून पडले मी."